साडेतीन चरणांची ओवी आणि मोज्याची टाच

वसईत लोकरीचे मोजे विणणे हा उद्योग प्रथमदर्शनी हास्यास्पद वाटावा असाच आहे. वर्षातले निम्मे दिवस घामाचे आणि उरलेल्यांपैकी बरेचसे न वाळणाऱ्या कपड्यांचे, अशा गावी लोकरीचा गुंडा घेऊन बसलेल्या माणसाकडे शेजारीपाजारी ज्या नजरेने पाहतात, ती नजर आम्हांला आता चांगली परिचयाची झाली आहे. तरी इतिहासात आमच्या बाजूने एक साक्ष आहे. आज जगात जपून ठेवलेल्या सर्वांत जुन्या मोज्यांपैकी कित्येक थंड प्रदेशांतले नसून इजिप्तमधले आहेत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात तांबड्या लोकरीची अशी एक जोडी आहे. इसवी सनाच्या तिसऱ्या ते पाचव्या शतकांतली, आणि चपलेचा पट्टा बोटांत बसावा म्हणून पुढच्या टोकाशी दुभंगलेली. ती आजच्यासारखी दोन सुयांवर विणलेली नाही. एकाच सुईने धाग्यात धागा ओवत केलेले ते काम आहे. वाळवंटातल्या कोणा पायाला मोज्याची गरज का पडली असेल हे आम्ही सांगू शकत नाही. आमच्या घरी ती का पडली, एवढेच सांगता येईल.

कारण आईचे पाय. मधुमेह हा आईचा फार वर्षांचा सोबती. २०१८ च्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगितले, नायलॉनचा एक ताठ धागा घेतला आणि तो तळपायावर ठिकठिकाणी टेकवून वाकेपर्यंत दाबला. ‘कळलं की सांगा,’ एवढीच सूचना होती. काही ठिकाणी आई ‘हो’ म्हणाली. पुष्कळ ठिकाणी गप्प राहिली. स्पर्श होऊन गेला होता आणि ती स्पर्शाची वाट पाहत होती. आम्ही शेजारी उभे राहून ते पाहत होतो. मराठीत ‘कळणे’ हे क्रियापद त्वचेसाठीही वापरतात आणि बुद्धीसाठीही, हे आम्हांला ठाऊक नव्हते असे नाही. पण त्या दिवशी ते प्रथमच अंगावर आले.

जे पाय स्पर्श विसरतात त्यांना गारठा मात्र वाटत राहतो, असे हे दुखणे. पौषातल्या पहाटेचे सोडाच, भर वैशाखातही आईला पाय थंड पडल्यासारखे वाटत आणि ती गरम पाण्याच्या रबरी पिशवीने शेक घेई. डॉक्टरांनी पिशवी बंद केली. भाजले तरी कळणार नाही, म्हणाले. मोजे घाला, पण सैल, आणि आत शिवण नसलेले. दुकानातल्या बहुतेक मोज्यांना बोटांपाशी शिवण असते आणि वर आवळणारे इलॅस्टिक. सुयांवर गोल विणलेल्या मोज्यात या दोन्ही गोष्टी टाळता येतात, हे आईनेच सांगितले.

आईचे विणकाम १९६२ सालचे. तेव्हा ती तेरा वर्षांची, वसईतल्या एका मराठी शाळेत. चीनशी युद्ध पेटले, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले आणि देशभर घराघरांतून, शाळाशाळांतून जवानांसाठी लोकरीचे कपडे विणले जाऊ लागले. आईच्या वर्गाला मफलर दिले होते, कारण मफलर सरळ असतो. मोजे वरच्या वर्गातल्या मुलींकडे, ज्यांना टाच वळवता येत असे. आईची पाळी यायच्या आतच युद्ध थांबले. त्यामुळे तिचे ज्ञान नेमके टाचेपर्यंत येऊन संपते. आता तर बोटांनाही बधिरपणा आलेला, सुई धरली आहे की सुटली आहे हे पाहिल्याशिवाय समजत नाही. तेव्हा सुया आमच्या हाती आल्या. स्टेशनजवळच्या कटलरीच्या दुकानातून चार पदरी लोकर आणली. या दुकानांत लोकर म्हणून मिळते ते बहुधा ॲक्रिलिक असते आणि त्याचा मेंढीशी संबंध केवळ नावापुरता. दोन्ही बाजूंनी टोक असलेल्या सुयांचा संचही तिथेच मिळाला.

घरात आणखी एक जीव होता. गच्चीच्या जिन्यात सापडलेली एक देशी मांजरी. तीन पाय धड आणि चौथा, मागचा उजवा, कधीतरी मोडून आखूड सांधलेला. आम्ही पोटासाठी मराठी शिकवतो. तीन चरण पुरे आणि चौथा तोकडा असे रूप समोर उभे राहिल्यावर नाव शोधावे लागले नाही. ओवीला साडेतीन चरणांची म्हणण्याचा प्रघात आहेच. हा शब्द ‘ओवणे’ या क्रियापदाशी जोडला जातो, ही तेव्हा आमच्या लेखी निव्वळ कोशातली माहिती होती. जाता जाता एक खुलासा. निबंधकाराने स्वतःस ‘आम्ही’ म्हणावे ही निबंधमालेपासूनची रीत. आमच्या बाबतीत तिला वस्तुस्थितीचाही आधार आहे, कारण पुढे ज्या मोज्यांची हकीकत येणार आहे त्यांत आईची आठवण, आमचे हात आणि ओवीची नखे असा तिघींचा वाटा आहे.

सुलट टाका आणि उलट टाका घरी शिकलो. मोज्याची वरची पट्टी, दोन सुलट दोन उलट, आईच्या देखरेखीखाली झाली. टाच शिकण्यासाठी मात्र घराबाहेर पडावे लागले. वसई रोडला सकाळी चढणाऱ्या बाईच्या वाट्याला बहुधा चौथी सीट येते. तिघींच्या बाकावर चौथीने टेकायचे, निम्मे अंग बाकावर, निम्मे वाटेत. तीन पूर्ण आणि चौथी तोकडी, म्हणजे हीसुद्धा ओवीच. त्या डब्यात मेथी निवडली जाते, मटार सोलले जातात, भजने होतात. तिथे आम्ही लोकर काढली तर कोणी वळून पाहिले नाही. पाहिले ते फक्त खिडकीशी बसलेल्या एका वयस्क बाईंनी. त्या विरारहून बसून येत. ‘टीचर,’ त्या म्हणाल्या (वसईत शिक्षिकेला असेच म्हणतात), ‘एवढं आवळताय कशाला? धागा बोटावरून जाऊ द्या. मुठीत नको.’

आमचे टाके खरोखरच इतके घट्ट होते की त्यांत सुई शिरताना करकर वाजे. नवशिक्याचे हे पहिले लक्षण. टाका निसटेल या भयाने तो प्रत्येक टाक्याचा गळा आवळतो. बाईंचे हात आम्ही रोज पाहत होतो. त्यांच्या बोटांवरून धागा वाहत्या पाण्यासारखा जाई आणि तरीही एकही टाका लोंबता दिसत नसे. हे सैल होते की घट्ट, सांगता येईना. विचारले तर त्या नुसत्या हसत आणि पुन्हा करून दाखवत. नायगाव गेले, खाडीचा पूल आला, भाईंदर आले, तरी आमच्या सुईवर तीच ओळ असे.

याचे उत्तर आम्हांला पाण्याने दिले. २०१८ च्या जुलैत वसई-विरार बुडाले. १० तारखेला रुळांवर पाणी साचून विरारकडची लोकल वाहतूक बंद पडली, मिठागराच्या वस्तीत माणसे अडकली, कित्येक भागांत वीज गेली. आम्ही तळमजल्यावर राहतो. दोनच दिवस आधी ओवी व्याली होती आणि त्यासाठी तिने घरातल्या सर्व जागा नाकारून आमची लोकरीची टोपली पसंत केली होती. ‘वीण’ या शब्दाचे दोन अर्थ आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो, एक कापडाचा, एक पिलावळीचा. आता दोन्ही अर्थ एकाच टोपलीत नांदत होते. चार पिले, आणि त्यांच्याखाली आमचा पाव मोजा, सुयांसकट.

दुपारी पाणी उंबऱ्यापर्यंत आले. मेणबत्तीच्या उजेडात आई पलंगावर पाय वर घेऊन बसली होती आणि आम्ही पुस्तके वरच्या फळीवर चढवत होतो. तेवढ्यात ओवीने एक पिलू मानेशी उचलले. स्टुलावरून टेबलावर, टेबलावरून फ्रिजवर, तिथून माळ्यावर. आखूड पायामुळे प्रत्येक उडीत ती थोडी घसरे, पण तोंडातले पिलू हलत नसे. ते अंगाचे गाठोडे करून, पाय पोटाशी घेऊन, निवांत लोंबत असे. चार खेपांत चारही पिले माळ्यावर गेली.

रामानुजांच्या परंपरेत पुढे दोन शाखा झाल्या आणि त्यांच्या वादाला दोन दृष्टान्त मिळाले, हे विद्यार्थ्यांना परिचित असेल. वडकलै शाखेचा मर्कटकिशोरन्याय सांगतो की माकडाचे पिलू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून राहते, तसा जीवाने देवाला धरण्याचा यत्न केला पाहिजे. तेन्कलै शाखेचा मार्जारकिशोरन्याय म्हणतो की मांजरीचे पिलू काहीच करत नाही, आई उचलते. यत्न की कृपा, असा हा वाद. आम्ही तो अनेकदा शिकवला आहे. पण त्या दुपारी ध्यानात आले की दोन्ही दृष्टान्त पिलाच्या बाजूने रचलेले आहेत. पिलू सैल असते हे खरे, पण मांजरी सैल नसते. ज्या दातांनी ती उंदराची मान मोडते तेच दात पिलाच्या मानेवर असतात. कातडीवर खूण उठू नये इतके हलके आणि दीड पुरुष उंचीवरून पिलू पडू नये इतके पक्के. खिडकीजवळच्या बाईंच्या बोटांत जे होते ते हेच. धरण्याला एक माप असते, आणि ते जे धरले आहे त्यावरून ठरते.

असो. हे समजले म्हणून हातात आले असे मात्र नाही. पहिला मोजा आम्ही घट्टच विणला. गाडी पूर्ववत झाल्यावर बाईंनी टाच शिकवली. चौसष्ट टाक्यांपैकी बत्तीस बाजूला ठेवायचे आणि उरलेल्या बत्तिसांवर मागेपुढे बत्तीस ओळींची एक चौकोनी पट्टी विणायची. मग टाच वळवायची. म्हणजे ओळ पुरी न करता अर्ध्यातून परतायचे, दर खेपेस दोन टाके एकत्र घेत थोडे पुढे जायचे, पुन्हा परतायचे. बत्तिसांचे अठरा टाके उरतात आणि हातातल्या सपाट पट्टीला अचानक खोलगट वाटी येते. नंतर पट्टीच्या दोन्ही कडांवरून सोळा-सोळा टाके उचलायचे आणि झग्याला कळी घालतात तशी बाजूंना कळी घालत पुन्हा चौसष्टांवर यायचे. अर्ध्यातून परतल्याशिवाय टाच वळत नाही, हे गणित आम्ही आईला समजावून सांगितले तेव्हा तिने सुया स्वतःच्या हातात घेऊन ती वाटी फिरवून फिरवून पाहिली. ‘मुलींनी हे दाखवलंच नव्हतं,’ ती म्हणाली. छप्पन्न वर्षांपूर्वीच्या वरच्या वर्गातल्या त्या मुली होत्या.

बोटांचे टोक सुईदोऱ्याने असे जोडावे लागते की शिवण उरत नाही, दोन्हीकडचे टाके एकमेकांत विणल्यासारखे मिळतात. इंग्रजीत या जोडणीला किचनेरचे नाव आहे. १९०२ ते १९०९ या काळात हिंदुस्थानचा सरसेनापती असलेला तोच तो किचनेर. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या बोटांना शिवण टोचू नये म्हणून हा टाका त्याच्या नावाने प्रसृत झाला, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, डिसेंबरात आमचा पहिला मोजा पुरा झाला आणि त्याला शिवण नव्हती. आईने तो उशाशी ठेवला. जोडी झाल्यावर घालीन, म्हणाली.

जोडी लांबली, आणि त्याचे कारण आमचा निष्काळजीपणा. पिलांपैकी तीन चांगल्या घरी गेली होती. एक बोका राहिला होता, ज्याचे नाव त्याच्या आवाजावरून आणि बोलण्यात नेहमी दोन अर्थ असल्यामुळे भारूड पडले. जानेवारीतल्या एका रात्री आम्ही दुसऱ्या मोज्याची पट्टी विणून वीतभर लोकर कापली आणि ती जमिनीवर तशीच राहू दिली. दुसऱ्या दिवशी ओवी खाईना. सायंकाळपर्यंत तिने चारदा ओकारी काढली. तोंड उघडून पाहिले तर जिभेच्या मुळाशी निळ्या लोकरीचे टोक. आम्ही ते चिमटीत धरले, आणि मागून आई ओरडली, ‘अगं, ओढू नकोस!’

तिने हे कशावरून म्हटले ते तिलाही सांगता आले नाही. पण पशुवैद्यांनी नंतर तेच सांगितले. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेने वळलेले असतात. धागा एकदा जिभेवर आला की तो थुंकता येत नाही, आतच जातो. एक टोक जिभेच्या मुळाशी अडकते, दुसरे आतड्यात पुढे सरकत राहते आणि नाडी ओढल्यावर पायजम्याच्या नेफ्याला चुण्या पडाव्यात तसे आतडे धाग्यावर गोळा होते. वरून ओढले तर तोच ताणलेला धागा आतडे कापतो. त्या रात्री ओवीच्या पोटाला आणि आत आतड्याला छेद देऊन लोकर काढली. आम्ही बाहेरच्या बाकावर बसून होतो. हातातल्या पिशवीत विणकाम होते, सवयीने उचललेले. ते बाहेर काढण्याचे धैर्य झाले नाही. पहाटे तिला घरी आणले तेव्हा तिच्या पोटावर काळ्या दोऱ्याचे टाके होते, एकेक सुटा, ना सैल ना घट्ट. बाराव्या दिवशी ते काढले. त्या दिवशी ती प्रथमच नीट जेवली.

सुया आम्ही माळ्यावर टाकल्या होत्या. फाल्गुनात आईने त्या खाली काढायला लावल्या. लोकरीसाठी घट्ट झाकणाचा एक पत्र्याचा डबा दिला, आणि कापलेला प्रत्येक तुकडा मोजून त्यात टाकायचा असा नियम केला. दुसरा मोजा विणताना आमचा हात बदलला होता. धागा धरताना निळे टोक चिमटीत आल्याची ती घडी आठवे आणि मूठ आपोआप उघडे. मे महिन्यात जोडी पुरी झाली. आईने सकाळी दोन्ही मोजे घातले आणि दिवसभर घरात मिरवली. डावा आणि उजवा सारखे नव्हते हे आम्हांला दिसत होते, पण पहिल्या जोडीला एवढे माफ, असे आम्ही मनाशी म्हणालो.

रात्री मोजे काढले. उजव्या पायाला काही नव्हते. डाव्या पोटरीभोवती, आमच्या त्या घट्ट पट्टीच्या जागी, लालबुंद वळ उठला होता, दोरी बांधल्यासारखा खोल. आईने तो आमच्याबरोबरच पाहिला. तोवर तिला तो कळला नव्हता. ज्या मापाने आम्ही तीन महिने तो मोजा विणला होता ते आमच्या भयाचे माप होते, आणि आईचा पाय त्याविरुद्ध तक्रार करू शकत नव्हता.

त्या वळाकडे पाहताना आम्हांला वर्गातली एक उत्तरपत्रिका आठवली. एका विद्यार्थिनीने लिहिले होते की ही कविता मला नीट कळली नाही, पण ती वाचताना बरे वाटले. आम्ही त्या वाक्याखाली लाल रेघ ओढली होती आणि समासात ‘अर्थ?’ असे लिहिले होते. आता वाटते, ती मुलगी कवितेला मांजरीसारखी धरू पाहत होती. अर्थ निसटेल या भयाने कवितेभोवती आम्ही जी पट्टी आवळत आलो, तिचे वळ किती जणांवर उठले असतील? आणि त्यांतल्या किती जणांना ते कळलेही नसतील? आम्ही अजूनही अर्थ विचारतो. तो विचारल्याशिवाय शिकवणे होत नाही. मात्र ‘बरे वाटले’ याखाली आता रेघ ओढत नाही. तिथून ओळ परतवतो आणि बरे कुठे वाटले ते विचारतो.

डावा मोजा दुसऱ्या दिवशी उसवला. भारूडाला आणि ओवीला दाराबाहेर ठेवून, दार लावून. बोटांच्या टोकाची ती बिनशिवणीची जोडणी कापावी लागली. पुढे लोकर सरसर निघत गेली, चवडा, कळी, टाच, नळा. तीन महिन्यांचे काम अर्ध्या तासात खुर्चीच्या पाठीवर गुंडाळले गेले. उसवलेल्या लोकरीला जुन्या टाक्यांची वळणे राहतात. ती भिजवून, खाली वजन टांगून वाळवावी लागते, तेव्हा ती पुष्कळशी सरळ होते, पुरती नाही. त्याच लोकरीचा मोजा पुन्हा विणला, आणि पाऊस सुरू व्हायच्या आत तो झाला.

त्यानंतर आणखी काही जोड्या झाल्या. आई त्या आळीपाळीने घालते. ऊब जाणवते का, असे आम्ही एकदा विचारले. ‘पायांना नाही कळत,’ ती म्हणाली, ‘पण मोजे घातले की ओवी येऊन पायांवर बसते. तिला कळत असणार.’

रोज रात्री मोजे उतरवल्यावर आम्ही आईचे तळपाय उजेडात पाहतो आणि मोजा उलटा करून आतून बोट फिरवतो. खडा नाही ना, गाठ नाही ना, सुटलेला धागा नाही ना. खडा कधी सापडला नाही. ओवीचे केस रोज सापडतात.